मारबतीला दिलेला चेहरा

ज्या माणसानं माझ्या मायचा एकुलता एक फोटो पोळ्याच्या मारबतीसोबत फेकून दिला, त्याच्याबद्दल दोन चांगले शब्द लिहून द्या, असं मला सांगण्यात आलं आहे. गोंदियात त्याच्या फोटोंचं प्रदर्शन भरतं आहे, त्यानिमित्त एक पुस्तिका निघणार आहे, आणि त्याला जवळून ओळखणारा, अजून जिवंत असलेला माणूस म्हणजे मी. सांगायला आलेल्या मंडळींशी मी आधी सौदा केला. लिहीन, पण माझं एकही वाक्य काढायचं नाही आणि माझ्या तोंडी गोड शब्द घालायचे नाहीत. ते एकमेकांकडे बघायला लागले. त्यांच्यातला एक म्हणाला, "भाईसाब, श्रद्धांजली है." मी म्हणालो, "मालूम है. इसीलिए पहले बोल रहा हूँ." शेवटी कबूल झाले. गरज त्यांना होती.

गावात सगळे त्याला बाबूजी म्हणत. मीही तोंडावर 'तुम्ही' म्हणायचो. इथे मी त्याला 'तो' म्हणणार आहे. राग असला की आदरार्थी लिहिताना हात अडखळतो.

बाजारात त्याचा स्टुडिओ होता. लग्नाचे फोटो काढावेत तर त्यानंच, अशी त्याची एके काळी ख्याती. मी तेव्हा सायकलवर देवांच्या तसबिरी विकत फिरायचो, मग फ्रेमा करून द्यायला लागलो. त्याचा धंदा कसा बसला ते सगळ्या बाजाराला माहीत आहे. एका लग्नात हार घालायची वेळ आली आणि हा मांडव सोडून जेवणावळीकडे गेला. पत्रावळींवर राख पडत होती. राईस मिलच्या भट्ट्यांत धानाचा भुसा जाळतात, त्याची काळी, हलकी राख वाऱ्यावर साऱ्या गोंदियाभर उडत असते. आम्हाला तिचं काही वाटत नाही. हा मात्र भातावर पडणारी राख टिपत बसला आणि हार घालण्याचा फोटो राहूनच गेला. पुढे अल्बम बघून नवरीच्या बापानं त्याची कॉलर धरली. "हार का फोटो कहाँ है?" बाबूजी म्हणाला, "हार तो हर शादी में रहता है."

त्यानंतर कामं येईनाशी झाली आणि त्यानं दुकान विकायला काढलं. फ्रेमांसोबत फोटोही काढू म्हणून मी घ्यायला गेलो. मी भाव पाडत गेलो आणि तो पाडू देत गेला. मला वाटलं, काय सौदा साधला! शेवटी तो म्हणाला, "एक अट आहे. मागची अंधारखोली माझी राहीन. मी मरतपर्यंत." मी लगेच हो म्हटलं. रोल धुवायची, फोटो छापायची ती कोंदट खोली मला तशीही नको होती. सौद्यात समोरचा पटापट हरायला लागला तर थांबून विचार करावा, तो कशासाठी हरून राहिला आहे. हे मी त्या दिवशी शिकलो, पण शब्द दिल्यावर. आणि शब्द मी मोडत नाही.

मग तो रोज माझ्या काउंटरजवळून आत-बाहेर करायला लागला.

सकाळी धुतलेला पांढरा शर्ट घालून निघायचा. गळ्यात कॅमेरा, खांद्यावर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं स्टँड. एका दिवशी एकच वस्ती. संध्याकाळी दुकानात येऊन ट्यूबलाइटखाली उभा राहायचा आणि कॉलर उलटी करून मला दाखवायचा. "हे पाय, सेठ. रामनगर." कॉलरवर करडी रेघ असायची. "आता उद्या पाहजो." दुसऱ्या दिवशी मरारटोलीकडून यायचा आणि कॉलर काळी. मला 'सेठ' म्हणायचा तो टोमणा होता, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही.

गिऱ्हाईक असलं तरी त्याचं हे दाखवणं थांबत नसे. एकदा एक बाई बाळाचा फोटो काढायला आली होती. हा तिच्यासमोर शर्टाच्या गुंड्या काढून उभा.

मी ओरडलो, "बाबूजी, दुकान आहे हे! न्हानीघर नाही!"

"तिले बी पाहू दे न," तो म्हणाला. "तिच्या लेकराच्या छातीत हेच जाऊन राहिले."

बाईनं बाळ पदराखाली घेतलं आणि फोटो न काढताच निघून गेली. मी त्याच्यावर तोंड टाकलं. तो शांतपणे गुंड्या लावत म्हणाला, "तिचा चेहरा पाहिला का जाताना? तो फोटो घ्याचा होता."

त्याला शहराचा संच करायचा होता. संच हा त्याचा शब्द. सुटा फोटो त्याच्या लेखी फोटोच नव्हता. "लोक मुंबईचा फोटो पाहतात त सांगतात का हे मुंबई आहे. आपल्या गोंद्याचा फोटो पाहून कोनी सांगीन का?"

"टेशनचा काढा," मी म्हणायचो. "लय मोठं जंक्शन आहे, सारे ओळखतीन."

"टेशनवर लोक गोंदिया सोडून जातात बे. तो फोटो गोंद्याचा कसा होईन?"

या शहरातल्या सगळ्या घरांना जोडणारं काय आहे, याचा त्यानं बरीच वर्षं विचार केला होता. राखेपाशी तो येऊन थांबला होता. दोरीवर वाळणाऱ्या चादरीवरची राख, नंदीच्या पाठीवरची, मशिदीच्या पायऱ्यांवरची, शाळेच्या बाकावरची, ज्यात एका पोरीनं बोटानं नाव लिहिलं होतं. कापडवाला सकाळी गादी झटकतो, पापड वाळवणारी बाई आधी हातानं खाट पुसते. प्रत्येक फोटोत राख दिसलीच पाहिजे असंही नव्हतं. "कोनी आत्ताच पुसून गेले, एवढे दिसले तरी चालते."

दुसरा एक नेम होता, आणि माझं सगळं भांडण त्या नेमाशी आहे. फोटोतल्या माणसानं कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. "पाहिले का तो फोटो त्या मानसाचा झाला. मंग शहर मागे सरकते."

संच जमला की नाही हे तपासायची त्याची रीत और होती. सगळे फोटो माझ्या काउंटरवर ओळीनं मांडायचा. गिऱ्हाईक ताटकळत उभं. मला पाठ करून उभं राहायला लावायचा आणि तेवढ्यात एक फोटो उचलून खिशात घालायचा.

"पाय आता. काही कमी झाले का?"

"कायले कमी होईन? एवढे पडले आहेत."

त्याचं तोंड उतरायचं. फोटो गोळा करून आत जायचा. एक फोटो काढला आणि बघणाऱ्याला काही जाणवलं नाही, तर त्याच्या मते तो फोटो फुकट जागा अडवून बसला होता. मी कधीतरी मुद्दाम म्हणायचो, "हो, काहीतरी गेल्यासारखं वाटते." त्याला खोटं कळायचं. "तू धंदा कर," म्हणायचा.

त्याचे सगळ्यात सुंदर फोटो संचात नव्हतेच. नागऱ्याच्या शिवमंदिराचा एक होता, पहाटेच्या धुक्यातला. बोदलकशाच्या तलावावर मासे धरणाऱ्याचा एक होता. जाळं हवेत पूर्ण उघडलेलं, खाली पाणी काचेसारखं. मी म्हणालो, हा मोठा करून दर्शनी लावू, कॅलेंडरवाले रांग लावतील. तो म्हणाला, "बोदलकशाले राख कुठे आहे?" आणि निगेटिव्ह पिशवीत टाकली.

एका मिलवाल्या सेठजींनी त्याला एकदा कॅलेंडरसाठी बोलावलं होतं. मीच जुळवून दिलं होतं ते काम. सेठजींची एकच इच्छा, मिल चांगली दिसावी, चिमणीतून धूर दिसू नये. बाबूजी हो म्हणाला आणि महिनाभर गायब. मग भट्टी बिघडून मिल बंद पडली त्या दिवशी जाऊन फोटो काढून आला. आकाश निळं, चिमणी स्वच्छ, आणि फाटकापाशी हाताला काम नसलेल्या बाया-माणसं उकिडवी बसलेली.

सेठजी फोटो बघून उडालेच. "ये तो बंद मिल है!"

"आप बोले थे धुआँ नहीं चाहिए," बाबूजी म्हणाला. "धुआँ नहीं है."

त्या सेठजींनी पुढे माझ्याकडे एक तसबीरसुद्धा करायला दिली नाही.

आता मारबतीचं सांगतो. पोळ्याला आमच्याकडे दाराशी पळसाच्या फांद्या लावतात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उपटून, मारबतीच्या बाहुलीसोबत गावाबाहेर नेऊन फेकतात, आणि सगळे ओरडतात, "ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" घरातलं वाईट, आजारपण, भांडण, जे नको ते सगळं तिच्यासोबत जातं. बाबूजी त्या दिवशी वर्षभरातल्या संचात न बसलेल्या निगेटिव्ह कात्रीनं बारीक कापायचा, पिशवीत भरायचा आणि मारबतीमागून चालत जाऊन टाकून यायचा. मी सुरुवातीला थट्टा केली. तो गंभीर होता. "ज्याचे काम नाही ते घरात ठेवले का मागे लागते. उद्या मी मेलो का तुह्यासारखा कोनी सेठ येईन, तो जाळेवाला फोटो मधात घालून देईन. संच गेला."

त्याचा हा तर्क मला त्या वेळी पटलासुद्धा होता. मी खरंच घातला असता.

माझी माय चोरखमाऱ्याकडच्या खेड्यातली. बाप लवकर गेला. कसत होतो ती जमीन दुसऱ्याची होती, ती त्यानं परत घेतली, आणि माय मला घेऊन गोंदियाला आली. तिला राईस मिलच्या अंगणात उकडलेलं धान वाळवायचं काम मिळालं. सिमेंटच्या लांबरुंद अंगणात धान पसरतात आणि बाया रांगेनं, पाय घासत, त्यातून चालतात. पावलांच्या चरीतून खालचं ओलं धान वर येतं. टोकाला गेलं की वळायचं आणि परत. दिवस उन्हात असा जातो. एकदा टाकीतून धान ओढताना वाफाळता ढीग अंगावर आला. तेव्हापासून तिच्या गालावर, डोळ्याच्या जरा खाली, भाजल्याचा वण होता.

माझं दुकान झालं तरी तिनं काम सोडलं नाही.

"आता कायले जातं, माय? लोक मले हसतात."

"हसू दे. तुह्या दुकानात बसून काय पाहू? परक्यायची थोबाडं?"

फोटोचं नाव काढलं की तिचा पदर पुढे यायचा. "मले टांगाची घाई झाली का रे तुले? तुह्या दुकानात जेवढे टांगले आहेत ते सारे मेलेले आहेत. मी पाहिले." खोटं नव्हतं. फ्रेमांचा धंदा मेलेल्यांवरच चालतो. मतदार ओळखपत्रावर तिचा एक फोटो होता, म्हणजे पदर होता आणि पदराच्या आत काळा डाग होता. त्या डागाला मत देता येत होतं, हार घालता आला नसता.

एका उन्हाळ्यात बाबूजी मिलच्या अंगणात फोटो काढून आला. संध्याकाळी आतून हाक मारली, "सेठ, इकडे ये. तुह्या मायनं माझा फोटो खराब केला."

निगेटिव्हची ओली पट्टी चिमट्याला लटकत होती. मी ती उचलून दुकानाच्या दारात आणली आणि उजेडाला धरली. रांगेतल्या बाया पाठमोऱ्या चाललेल्या, आणि मधली एक वळून थेट कॅमेऱ्यात बघते आहे. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. काळे केस पांढरे, उन्हातलं आकाश काळं, दात काळे. तरी मला ओळखायला क्षण लागला नाही. पदर खांद्यावर पडलेला. तोंड उघडं. माय हसत होती.

"मी फोटो घेऊन राहिलो होतो न," बाबूजी मागून सांगत होता, "त थे वळली आन् म्हणे, 'काहो बाबूजी, माह्या पोराची दुकान सोडून इथं कायले उन्हात मरून राहिले?' साऱ्या बाया हासल्या. माह्यानं बटन दाबल्या गेले."

"हा मले पाहिजे," मी म्हणालो. "आत्ता छापा."

"याच पट्टीवरचा बाजूचा फोटो कामाचा आहे. संच पुरा होऊ दे."

"काय घ्याल, बोला."

"तू बोल, मी ऐकतो," तो म्हणाला आणि पट्टी माझ्या हातातून काढून आत घेऊन गेला. दाराआडून म्हणाला, "पाहू."

मी पुन्हा विषय काढला नाही. गरज दाखवली की भाव चढतो, हा धंद्याचा पहिला नियम आहे. माय धडधाकट होती. पट्टी माझ्याच दुकानाच्या मागच्या खोलीत होती. मी थांबलो. थांबणारा जिंकतो, असा माझा तोवरचा अनुभव होता.

त्या वर्षी मारबतीच्या पहाटे तो पिशवी घेऊन बाहेर पडला तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर पळसाची फांदी उपटत होतो.

"यंदा पिशवी भारी दिसते, बाबूजी."

"हो," तो म्हणाला. "यंदा लय चांगले फोटो आले होते."

आणि मी हसलो.

थंडीत माय गेली. खोकला होता, मग ताप आला, मग छाती भरली. दवाखान्यात नेली तोवर बोलणं बंद झालं होतं. माती देऊन आलो, आंघोळ केली, आणि ओल्या अंगानंच दुकान उघडून मागे गेलो. बाबूजी स्टुलावर बसला होता. दोरीवर संचाचे फोटो लटकत होते.

"बाबूजी, मायची ती पट्टी द्या. तेरवीले फोटो पाहिजे."

तो दोरीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाजूचा फोटो आहे. थो नाही."

"नाही म्हणजे?"

"मारबतीत गेला."

मला पहिल्यांदा वाटलं, माझं ऐकण्यात चुकलं. मग वाटलं, तो भाव वाढवतो आहे. मी म्हणालो, "बाबूजी, आज नको. आज जे मागाल ते देतो. आज घासाघीस नाही करत." असं मी आयुष्यात कोणाला म्हटलं नव्हतं. तो उठून उभा राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की खरंच गेला.

"थे कॅमेऱ्यात पाहून राहिली होती," तो म्हणाला. "फोटो तिचा झाला होता. शहराचा नव्हता."

"तिचा झाला होता त तिले द्याचा होता न! मारबतीले कायले दिला? माही माय रोगराई होती काय?"

त्यानं दोरीवरून एक फोटो काढून माझ्यापुढे धरला. अंगण, धानातल्या चरी, पाठमोऱ्या बाया. "हे मधली तुही माय. थे वळली त्याच्या आधीचा आहे. संचात याच्यासारखा दुसरा नाही, सेठ. हा काढला त सारं पडते."

"ही पाठ आहे," मी म्हणालो. "पाठीले हार घालू?"

मग मी खोलीतले ट्रे उचलून रस्त्यावर फेकले. बाटल्या फोडल्या. बाजार जमा झाला. दोरीवरच्या फोटोंना मात्र मी हात लावला नाही, ते त्यानं स्वतः काढून शर्टाच्या आत धरले आणि निघून गेला. संध्याकाळी मी खोलीला कुलूप लावलं. मरेपर्यंत खोली तुझी, असा शब्द दिला होता. माझ्या लेखी तो त्या दिवशी मेला होता.

तेरवीला पाटावर फोटोच्या जागी मायचं लुगडं घडी करून ठेवलं. आलेल्या बाया कुजबुजत होत्या, "फोटोवाल्याच्या घरी फोटो नाही, पाय न माय." माझं लग्न त्यानंतर झालं. बायकोनं सासू पाहिलीच नाही. नवीन सून घरात आली की तिला भिंतीवरच्या फोटोच्या पाया पडायला सांगतात. आमच्या भिंतीवर देव होते.

पुढे रोलचा जमाना संपला. दुकानात कंप्युटर आला, मी तो शिकलो. माझ्याकडे फोटोचे रोल उरले तरी त्याला दिले नाहीत. रोलसाठी तो गाडीनं नागपूरला जायचा आणि घरी न्हाणीघरात पोतं लावून अंधार करून धुवायचा, असं कानावर यायचं. संच चालूच होता. संध्याकाळी रस्त्याच्या पलीकडे उभा राहून तो कॉलर उलटी करून दाखवायचा. मी मान वळवायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा. लोक म्हणायचे, वेडा आहे, सोडून दे. वेडा असता तर सोडून दिलं असतं.

तो जायच्या आदल्या वर्षी, एका दुपारी, काठी टेकत दुकानाची पायरी चढून आला. शर्ट पांढराच होता, पण आता आतला माणूस त्यात सैल झाला होता. खोकून खोकून दम लागलेला. गिऱ्हाइकांसाठीच्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "तू कंप्युटरवर मेलेल्यायचे चेहरे जोडून देतं म्हणे."

"देतो." खरंच देत होतो. ज्यांचा फोटो नाही त्यांचा भावाच्या नाकावरून, मुलीच्या डोळ्यांवरून चेहरा करून देतो. तालुक्याच्या गावांहून लोक येतात.

"मंग बस. मी सांगतो."

"काय सांगता?"

"तुही माय. कापाच्या आधी मी तिले भिंगातून लय वेळ पाहिले होते. हासून राहिली होती न, म्हणून."

मी त्याला हाकलून द्यायला हवं होतं. तोंडात शिवी आलीही होती. पण मायचा चेहरा विकायला आलेला तो जगातला एकच माणूस होता, आणि यावेळी काही मागत नव्हता. मी कंप्युटरसमोर बसलो.

"कोनाचा फोटो घेऊ सुरुवातीले?"

"तुहाच घे. डोळे तिचेच आहेत. फक्त तुह्यावाले नेहमी भाव करून राहतात, थे काढून टाक."

मी माझा फोटो उघडला. मिशा काढल्या, जबडा कमी केला. तो डोळे मिटून सांगत होता. कपाळ अरुंद, भांग सरळ नाही, मधातून जरा सरकलेला. कानापाशी घामानं चिकटलेली बट. वरच्या दातांतला एक दुसऱ्यावर चढलेला. हसताना खालचा ओठ आत जात होता. मी करत गेलो. "नाही, एवढा नाही. थोडा." "आता बरोबर." तो स्क्रीनकडे बघतही नव्हता आणि तरी त्याचं चुकत नव्हतं. मधेच दार लावून घेतलं. गिऱ्हाईक बाहेरून हाका मारून गेलं. स्क्रीनवर कोणीतरी यायला लागलं होतं.

"आता वण," मी म्हणालो. "डोळ्याखालचा."

"उजव्या गालावर," तो म्हणाला.

"डाव्या," मी म्हणालो, त्याच वेळी.

तो डोळे उघडून माझ्याकडे बघायला लागला.

"बाबूजी, तुम्ही पट्टी उलटी धरली असन. उलटी धरली का डावं उजवं होते."

"मी? चकचकीत बाजू आपल्याकडे, हे मी झोपेतही चुकत नाही. उलटी तू धरली होती. दारात उजेडाले घेऊन गेला होता तू."

"मी पट्टीवरून नाही बोलून राहिलो! माही माय होती थे! रोज पाहत होतो मी तिले!"

"मंग कापाच्या आधी मीबी एकदा उलटी पाहिली असन," तो हळूच म्हणाला. "आता कोनाले विचारू?"

कोणालाच विचारता येणार नव्हतं. मिल कधीच बंद पडली होती, तिच्यासोबत रांगेत चालणाऱ्या बाया कुठे पांगल्या ते कोणाला माहीत नव्हतं. चोरखमाऱ्याकडे आमचं कोणी उरलं नव्हतं. सांगू शकेल असा पुरावा एकच होता, आणि त्याचे तुकडे गावाबाहेरच्या चिखलात जाऊन काळ झाला होता.

"माहे सोड," बाबूजी म्हणाला. "तू तिच्या हातचं जेवला. डोळे मिट आन् पाहून सांग. तू म्हणशीन थेच खरे."

मी डोळे मिटले.

माय लगेच आली. वळून बघत होती, हसत होती. केस पांढरेशुभ्र. चेहरा काळा. डोळ्यांत पांढरं असतं तिथे काळं आणि बुबुळं पांढरी, उघड्या तोंडात काळे दात, मागे काळं आकाश. मी ती बाजूला सारून चुलीपुढची माय बघायचा प्रयत्न केला. मिलमधून येऊन दाराशी पाय धुणारी माय. माझ्या ताटात भात वाढणारी. प्रत्येक वेळी हीच पुढे आली, दारातल्या उजेडात धरलेली, काळ्या दातांनी हसणारी. इतकी वर्षं या माणसाशी मनात रोज भांडताना मी तिलाच समोर धरत आलो होतो. दुसरी कोणी उरली नव्हती, आणि पट्टी तेव्हा सुलटी धरली होती की उलटी, ते आता मलाही सांगता येत नव्हतं.

"सांग न बे," बाबूजी म्हणाला. "कोनत्या बाजूले?"

मी कंप्युटर बंद केला.